शिकवणारा निघून गेल्यावर

खासबाग, वडगाव, शहापूर हा बेळगावचा विणकरांचा भाग. इथला दिवस मागांच्या खटखटाटाने सुरू होतो, तर शहराच्या दुसऱ्या अंगाला कॅम्पमध्ये तो कवायतीच्या हुकमांनी सुरू होतो. मराठा लाइट इन्फंट्रीचे केंद्र १९२२ पासून इथे आहे, कमांडोंचे प्रशिक्षण इथे होते, सांबऱ्याला हवाई दलाची शाळा आहे. एका देशाचे सैन्य दुसऱ्या देशाच्या सैन्याबरोबर शिकते याचे बेळगावकराला फारसे नवल वाटत नाही. डिसेंबर २००८ मध्ये चिनी तुकडी इथे येऊन आपल्या जवानांबरोबर सराव करून गेली. २००९ मध्ये मालदीवची तुकडी आली, २०१३ मध्ये ब्रिटिशांची, २०२२ मध्ये जपान्यांची. चिन्यांच्या त्या सरावाला बारा वर्षे पुरी व्हायच्या आत गलवान घडले. पण सरावाचे एक असते, तो पाहुणचाराचा प्रकार. युद्ध दारात येऊन ठेपल्यावर परक्याकडून हत्यारे आणि गुरू मागवणे ही निराळीच गोष्ट. फेब्रुवारी २०२२ पासून युक्रेनच्या निमित्ताने तिची चर्चा जगभर चालली आहे, आणि आपल्याकडे ती अशा थाटात वाचली जाते की जणू हा अनुभव आपल्या घराण्यात कधी आलाच नव्हता. वास्तविक याचे दप्तर आपल्याइतके जाडजूड क्वचितच कोणाकडे असेल.

महादजी शिंद्यांपासूनच पाहू. पानिपतावर इब्राहिमखान गारद्याच्या कवायती पायदळाने काय केले हे त्यांनी स्वतः पाहिले होते. १७८४ च्या सुमारास त्यांनी डिबॉइन नावाच्या सॅव्हॉयच्या माणसाला दोन पलटणी उभ्या करायला सांगितले. हा गृहस्थ आधी फ्रेंचांच्या, मग रशियनांच्या आणि नंतर कंपनीच्या मद्रासी फौजेत राहून आलेला. १७८७ च्या लालसोटच्या लढाईत पगार थकलेल्या जुन्या हिंदुस्थानी पलटणी शत्रूला जाऊन मिळाल्या, पण या दोन जागच्या हलल्या नाहीत. मग दोनांचा कंपू, म्हणजे ब्रिगेड, झाला आणि पुढे एकाचे तीन कंपू. १७९० मध्ये पाटण आणि मेडता इथे राजपुतांचे नावाजलेले घोडदळ या संगिनींपुढे फुटले. १७९३ मध्ये लाखेरीला तेच कंपू होळकरांच्या फौजेवर चालून गेले. परक्या गुरूने शिकवलेली विद्या आधी भाऊबंदांवर चालवून पाहायची, ही आपली जुनी खोड.

डिबॉइनचे कसब कवायतीत होतेच, पण त्याहून ते हिशेबात होते. फौजेच्या खर्चासाठी दोआबातला सुपीक मुलूख शिंद्यांनी त्याच्याकडे लावून दिला. वसुली तो करी, पगार तोच वाटी आणि तो वेळेवर वाटी. मराठी फौजांत पगार थकणे आणि त्यासाठी सरदाराच्या दारात धरणे धरणे हा नित्याचा प्रकार होता. तिथे महिन्याच्या महिन्याला पैसे हातात पडणे म्हणजे क्रांतीच. आग्र्याला सँगस्टर नावाच्या स्कॉट माणसाच्या देखरेखीखाली तोफा ओतल्या जात. त्या कंपनीच्या तोफांना हार जात नव्हत्या, हे पुढे इंग्रजांनीच मान्य केले.

आता या व्यवस्थेतली मेख पाहा. शिपाई देशातले, पैसा शिंद्यांचा, तोफा आग्र्याच्या. पण शिपायाला हुकूम देणारा प्रत्येक वरचा अधिकारी फ्रेंच, इंग्रज, स्कॉट किंवा हॅनोव्हरचा. आपल्या माणसाची चढती सुभेदारापाशी थांबे. सरदाराच्या मुलाने पलटणीत कप्तान होऊन पायी चालावे ही कल्पना कोणाला शोभेशी वाटली नाही. कवायत शिकलेले शिपाई हजारांनी तयार झाले, कवायत शिकवणारा आणि लढाई चालवणारा आपला माणूस तयार करण्याची शाळा मात्र निघाली नाही. शिवाय डिबॉइनने चाकरी धरतानाच एक अट घातली होती: इंग्रजांविरुद्ध आपण शस्त्र धरणार नाही. महादजींसारख्या धूर्त माणसाने ही अट मान्य केली, कारण त्या घडीला इंग्रज हा शत्रू नव्हता. मदतीच्या करारातली अशी कलमे गरजेच्या वेळी नेहमीच बिनमहत्त्वाची वाटतात.

१७९४ मध्ये महादजी गेले. पुढे डिबॉइनही अमाप संपत्ती घेऊन परतला. सॅव्हॉयमधल्या शांबेरी गावात त्याच्या स्मरणार्थ चार हत्तींचे कारंजे आजही उभे आहे. त्या हत्तींच्या पोटात आपल्या दोआबाचा किती शेतसारा मुरला असेल कोण जाणे. त्याच्या जागी पेराँ आला, आणि ऑगस्ट १८०३ मध्ये इंग्रजांशी युद्ध पेटून परीक्षा आली. गव्हर्नर जनरल वेलस्लीने जाहीरनामा काढला: शिंद्यांच्या चाकरीतल्या ब्रिटिश अधिकाऱ्यांनी ती सोडून यावे, त्यांच्या पोटापाण्याचे कंपनी पाहील. माणसे एकेक करून निघाली. ४ सप्टेंबरला अलीगडचा किल्ला पडला तेव्हा इंग्रजांना दरवाजाची वाट दाखवणारा लुकन नुकताच शिंद्यांची चाकरी सोडून आलेला होता. खुद्द पेराँने सेनापती लेककडे सुरक्षित वाट मागितली आणि तो गेला. पुढे आग्र्याच्या शिपायांनी आपल्या युरोपीय अधिकाऱ्यांना कैदेत टाकले. शिपायाला जे उमगले ते महादजींच्या गादीवर आलेल्या दौलतराव शिंद्यांना उशिरा उमगले. यशवंतराव होळकरांनी १८०४ मध्ये आपल्याकडच्या तीन ब्रिटिश अधिकाऱ्यांची डोकी उडवली. ते क्रूर होते, पण त्यामागचा संशय निराधार नव्हता.

आणि तरीही १ नोव्हेंबर १८०३ ला लासवारीला या कंपूंतल्या उरलेल्या पलटणी उभ्या राहिल्या. युरोपीय अधिकारी निघून गेलेले, वर अंबाजी इंगळ्यांची नावापुरती सरदारी. शिपाई तोफांपासून मागे हटले नाहीत. इंग्रजांच्याच अंदाजाप्रमाणे सुमारे ७,००० माणसे तिथे पडली. त्यांना फ्रेंच अधिकारी असते तर निकालाची खात्री देता आली नसती, अशा अर्थाचे लेकने स्वतः लिहून ठेवले आहे. या माणसांत मराठी बोलणारे थोडे होते. बहुतेक अवध, दोआब, रोहिलखंडाकडचे, त्यांत हिंदूही होते आणि मुसलमानही. त्यांना 'मराठा फौज' म्हणून मिरवताना एवढे ध्यानात ठेवावे.

आणखी एक गोष्ट आमच्या सीमाभागाच्या खात्यावर मांडायला हवी. त्याच साली धाकटा वेलस्ली, म्हणजे पुढचा वेलिंग्टन, दक्षिणेतून पुण्याकडे निघाला तेव्हा त्याच्याबरोबरच्या मराठी सरदारांत बापू गोखले होते आणि निपाणीचे आप्पा देसाईही होते. पुढे याच बापू गोखल्यांनी इंग्रजांशी लढता लढता देह ठेवला. कोण कोणाला मदत करतो आहे याचा निवाडा त्या दिवशी करता येत नाही, तो पंधरा वर्षांनी होतो.

पेशवाईच्या शेवटी तर याची थट्टाच झाली. दुसऱ्या बाजीरावासाठी कॅप्टन फोर्ड याने एक कवायती ब्रिगेड उभी केली. ती दापोडीला असे, आणि तिचा पगार पेशव्याच्या खजिन्यातून जाई. ५ नोव्हेंबर १८१७ ला खडकीची लढाई झाली तेव्हा ही ब्रिगेड इंग्रजांच्या रांगेत उभी राहून पेशव्याच्या फौजेवर गोळ्या झाडत होती. जरीपटका ज्यांच्याजवळ होता ते मोरो दीक्षित फोर्डचे स्नेही. दोघांत जो मरेल त्याचे कुटुंब दुसऱ्याने सांभाळायचे, असे त्यांचे ठरलेले होते. इतिहासकार ग्रँट डफ सांगतो की दीक्षितांना लागलेला गोळा फोर्डच्याच पलटणीच्या तोफेचा होता. पुढच्या एप्रिलमध्ये बेळगावचा किल्लाही मन्रोच्या हाती गेला.

यावरून आपल्याकडे एक ठरलेला निष्कर्ष काढला जातो: गनिमी कावा सोडला म्हणून राज्य बुडाले. मला तो पटत नाही. सह्याद्रीच्या खिंडींतला डाव दिल्लीच्या सपाट मैदानात मांडता येत नव्हता, हे महादजींना कळले होते. १८०३ मध्येच असईच्या लढाईत धाकट्या वेलस्लीची फौज तिसऱ्या हिश्शाने कापली गेली ती याच नव्या पायदळाने आणि तोफांनी. रँडॉल्फ कूपर या अभ्यासकाने तर मराठ्यांच्या तोफखान्याला मागासलेला म्हणणे कसे चूक आहे ते सविस्तर दाखवले आहे. विद्या घेतली हे चुकले नाही. विद्येबरोबर मालकी घेतली नाही, तिथे घात झाला.

दुसऱ्यांदा हा प्रश्न आला तो १९६२ मध्ये. कोल्हापूरचे लेफ्टनंट जनरल एस. पी. पी. थोरात यांनी पूर्व सीमेवर चीन काय करू शकेल याचा अंदाज आधीच बांधून दिला होता. दिल्लीत तो कोणी मनावर घेतला नाही. १९ नोव्हेंबरला नेहरूंनी केनेडींना पत्रे लिहून अमेरिकेची लढाऊ विमाने मागितली. दोनच दिवसांनी यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री झाले. मदत आली: बंदुका, डोंगरी डिव्हिजनचे सामान, वाहतुकीची विमाने. तिच्याबरोबर अमेरिकेचे दूत हॅरिमन आणि ब्रिटनचे सँडिस आले आणि काश्मीरवर पाकिस्तानशी बोला असा आग्रहही आला. मे १९६३ पर्यंत चर्चेच्या सहा फेऱ्या झाल्या आणि त्यांतून काही निघाले नाही. १९६४ मध्ये चव्हाण अमेरिकेला जाऊन एफ-१०४ विमाने मागत होते, ती मिळाली नाहीत. रशियाने मिग-२१ दिले, ते कारखान्यासह. तो कारखाना नाशिकजवळ ओझरला उभा राहिला. चव्हाण त्याच नाशिकमधून लोकसभेवर बिनविरोध निवडून गेले होते, हा योगायोग बोलका आहे. सप्टेंबर १९६५ मध्ये युद्ध पेटताच अमेरिकेने भारत आणि पाकिस्तान दोघांचाही शस्त्रपुरवठा बंद केला. पॅटन रणगाड्यांवर विसंबलेल्या पाकिस्तानला ते जास्त जड गेले. आमच्याकडे निदान रशियाचे दार उघडे होते. ओझरही निर्भेळ स्वावलंबन नव्हते, सुट्या भागांसाठी मॉस्कोकडे डोळे लावावे लागतच. पण जोडणी करणारे हात नाशिकचे होते.

आता युक्रेन. जून २०२२ पासून ब्रिटनच्या भूमीवर तिथल्या ५०,००० हून अधिक जवानांना शिकवले गेले. २०२३ च्या उन्हाळ्यात पाश्चात्त्य पद्धतीने तयार झालेल्या ब्रिगेडी लेपर्ड रणगाडे आणि ब्रॅडली गाड्या घेऊन झापोरिझ्झियाच्या सुरुंगांच्या पट्ट्यात शिरल्या आणि अडकल्या. जी रणनीती त्यांना शिकवली होती तिच्यात आकाश आपले असते, असे गृहीत होते. युक्रेनच्या डोक्यावर तर रशियाची विमाने होती. मग त्यांनी लहान तुकड्या, पायी चाल आणि स्वतःची ड्रोन यांवर भर दिला. आज त्यांचे गुरूच ड्रोनयुद्ध त्यांच्याकडून शिकत आहेत. इथवर ते शिंद्यांच्या पुढे आहेत, कारण त्यांचे कप्तान, कर्नल, सेनापती त्यांचेच आहेत. जाहीरनामा काढून पळवून नेण्यासारखे तिथे कोणी नाही.

पण दुसरी दोरी दुसऱ्याच्या हातात राहिली. लांब पल्ल्याची अमेरिकी क्षेपणास्त्रे रशियाच्या आत डागायला परवानगी मिळाली ती नोव्हेंबर २०२४ मध्ये, युद्धाच्या तिसऱ्या वर्षी. २८ फेब्रुवारी २०२५ ला व्हाइट हाउसमध्ये झेलेन्स्की आणि ट्रम्प यांची जाहीर बाचाबाची झाली आणि थोड्याच दिवसांत हत्यारे आणि गुप्त माहिती काही काळ थांबली. जाहीरनाम्याचे काम एका बैठकीने केले. तरी आघाडी कोसळली नाही, कारण तोवर युक्रेन आपली ड्रोन लाखोंनी स्वतः बनवू लागला होता. याच्या उलट काबूल. वीस वर्षे शिकवलेली अफगाण फौज ऑगस्ट २०२१ मध्ये विरघळली. विमाने दुरुस्त करणारे परदेशी कंत्राटदार गेले, पगाराची खात्री गेली, आणि ज्या सरकारसाठी मरायचे त्याचा अध्यक्षही देश सोडून गेला.

म्हणून युक्रेनने मदत का घेतली असा प्रश्न मला पोरकट वाटतो. घराला आग लागल्यावर बादली कोणाची हे कोणी विचारत नाही. प्रश्न नंतरचा आहे: शिकलेल्या माणसांतून शिकवणारे तयार झाले का, आणि पगार कोणाच्या तिजोरीतून जातो. भारतालाही तो लागू आहे, आता देणाऱ्याच्या बाजूने. भूतान, मालदीवच्या फौजांना आपण शिकवतो, एके काळी अफगाण कॅडेट डेहराडूनला येत. त्या देशांनी उद्या आपल्याकडे महादजींनी पाहायला हवे होते तशा सावध नजरेने पाहिले, तर आपण रागावू नये.

पानिपतावर मराठीत कादंबऱ्या झाल्या, नाटके झाली, सहली निघतात. राजस्थानातल्या अलवर जिल्ह्यातल्या लासवारीला कोणी जात नाही. पानिपतावर आपण शौर्याने हरलो असे सांगता येते, लासवारीवर व्यवस्थेने हरलो असे सांगावे लागते, हे त्याचे कारण असावे. शिंद्यांच्या कंपूंचे जमाखर्च आणि पत्रव्यवहार हा विषय मोडी वाचता येणाऱ्या एखाद्या तरुण अभ्यासकाने, शक्य तर आमच्या सीमाभागातल्याच, आता हाती घ्यावा.