स्वरयंत्र गेल्यावर उरणारी वाणी
स्वरयंत्राचा कर्करोग खोलवर पसरून कूर्चेपर्यंत पोचला, की पुष्कळदा संपूर्ण स्वरयंत्रच काढावे लागते. कर्करोगासाठी अशी पहिली शस्त्रक्रिया थिओडोर बिलरोथ यांनी व्हिएन्नात १८७३ च्या अखेरीस केली. श्वासनलिकेचे टोक गळ्याच्या पुढच्या त्वचेला जोडतात आणि श्वास कायमचा तिथूनच चालतो. जीभ, ओठ, टाळू शाबूत असतात, पण फुफ्फुसातली हवा तोंडात येत नाही. शब्दाला आकार मिळतो, आवाज मिळत नाही. तो माणूस आता ‘बोलतो’ असे म्हणायचे का?

भर्तृहरीने ‘वाक्यपदीया’त पश्यंती, मध्यमा आणि वैखरी अशा वाणीच्या तीन पातळ्या मानल्या, पुढे परा धरून त्या चार झाल्या. कंठातून उमटून कानी पडते ती वैखरी. मध्यमा बुद्धीत असते. तिथे शब्द क्रमाने लागलेले असतात, फक्त ऐकू येत नाहीत. या हिशेबाने शस्त्र पोचते ते वैखरीपर्यंतच. जपाचेही तसेच. मनुस्मृती मोठ्याने केलेल्या जपापेक्षा उपांशु जप श्रेष्ठ मानते आणि त्याहून मानस जप. उपांशु जपात ओठ हलतात, पण शेजारच्यालाही ऐकू जात नाही. स्वरयंत्र गमावलेल्याला नेमके हेच साधते.

मात्र हा दिलासा अर्धाच आहे. जप ईश्वरासाठी असतो, त्याला आवाज लागत नाही. घरातल्यांना, बाजारातल्यांना लागतो. वारकरी तर नाम एकट्याने मनात न ठेवता कीर्तनात दहाजणांबरोबर गातो. श्रेष्ठ-कनिष्ठ ठरवताना परंपरेच्या डोळ्यांसमोर साधक होता, संसारी नव्हता, असेच म्हणावे लागते. १९८१ मध्ये अमेरिकेत ३७ निरोगी व्यक्तींना, शस्त्रक्रिया करून आवाज गमवायचा की किरणोपचार घेऊन तो राखायचा, या निवडीबद्दल विचारले गेले. आयुष्य कमी मिळण्याची शक्यता पत्करूनही आवाज राखू, असा कल सुमारे एक पंचमांश जणांनी दाखवला. त्यांना अविचारी ठरवणे सोपे आहे. पण किती वर्षे जगायचे याइतकेच कसे जगायचे हेही ज्याचे त्यालाच ठरवावे लागते.

१९९१ च्या एका अमेरिकी अभ्यासात आधी केमोथेरपी व मग किरणोपचार घेतलेल्या सुमारे दोन तृतीयांश रुग्णांचे स्वरयंत्र वाचले, आणि दोन वर्षांनंतर जगण्याचे प्रमाण शस्त्रक्रियेइतकेच राहिले. त्यामुळे निवड काहीशी सुसह्य झाली, तरी प्रत्येक गाठीला हा मार्ग चालत नाही. ज्यांचे स्वरयंत्र काढावेच लागते, त्यांच्या श्वासनलिका व अन्ननलिकेमध्ये छोटी झडप बसवता येते. गळ्यावरचे छिद्र बोटाने झाकले, की हवा झडपेतून अन्ननलिकेत शिरते आणि तिथल्या भिंतींच्या कंपनातून खरखरीत आवाज निघतो. तो पूर्वीचा नसतो. बोलीचा हेल, आवडते शब्द, वाक्य मध्येच तोडायची सवय मात्र बरीचशी त्याच माणसाची राहते, कारण ती स्वरयंत्रात कधी नव्हतीच.