विचारांचे परकेपण

मोरया गोसावींच्या समाधीमुळे ज्या चिंचवडास क्षेत्राचे माहात्म्य लाभले, त्याच्या आसमंतात आज यंत्रांचा घोष अहोरात्र चालू असतो. पिंपरीस 1954 साली पेनिसिलिनचा कारखाना स्थापन झाला. चाकणला आता जर्मन मोटारी तयार होतात. हे औषध लंडनच्या शोधातून निघाले म्हणून कोणी ते नाकारल्याचे आम्ही ऐकिले नाही. परंतु युरोपातून आलेला एखादा विचार पुढे ठेविला, की ‘हे आपल्या संस्कृतीतले नव्हे’ असा आक्षेप तत्काळ निघतो. हा भेद न्याय्य आहे काय?

अर्वाचीन महाराष्ट्राचे मन ज्यांनी घडविले, त्यांची रीत निराळी होती. जोतीराव फुल्यांनी टॉमस पेनचा मानवी हक्कांवरील ग्रंथ वाचला आणि त्याची कसोटी घरच्या जातिभेदास लाविली. आगरकरांनी मिल व स्पेन्सर यांचे मनन करून 1888 साली ‘सुधारक’ काढिला. टिळकांनी 1915 साली प्रसिद्ध झालेल्या ‘गीतारहस्या’त मिलचा सुखवाद अपुरा ठरविला, पण तो वाचल्यावाचून नव्हे, आणि कांट व ग्रीन यांच्याशी गीतेची तुलना करण्यात त्यांस कमीपणा वाटला नाही. सावरकरांनी 1907 साली मॅझिनी मराठीत आणिला.

यांपैकी मॅझिनीचे राष्ट्र आम्ही सहज आपले मानिले. मिलची व्यक्ती मात्र ओसरीवरच राहिली. वास्तविक दोघेही परदेशस्थच. परंतु राष्ट्राची कल्पना परसत्तेकडे बोट दाखवीत होती, व्यक्तिस्वातंत्र्याची कल्पना आमच्या माजघराकडे. 1891 साली संमतिवयाची मर्यादा दहावरून बारा वर्षांवर नेणारा कायदा झाला, तेव्हा आगरकर त्याच्या बाजूस होते, टिळक विरुद्ध. परक्या सरकारने आमच्या गृहव्यवस्थेत हात घालू नये, हा टिळकांचा आक्षेप अगदीच निराधार नव्हता. पण ते सरकार 1947 साली गेले. आक्षेप मात्र उरला. चाकणच्या कारखान्यातून मिळविलेला पगार मुलगी घरी आणिते, तेव्हा तो पगार कोणास परका वाटत नाही. आपला विवाह आपण ठरवू असे तीच म्हणाली, की त्याच घरात संस्कृतीचे स्मरण होते.

आमच्या मते विचाराची परीक्षा त्याच्या जन्मस्थानावरून होऊ नये. तो खरा आहे काय आणि आमच्या माणसांवरील अन्याय त्याने दूर होतो काय, एवढेच पाहावे. तसा विचार पारखून नाकारण्याचाही आम्हांस अधिकार आहे, व टिळकांनी तो बजाविला. परंतु गैरसोयीचा तेवढा विचार परका ठरविणे, यास स्वाभिमान म्हणता येणार नाही.