वहीतली मेथी

जुन्नर तालुक्यातल्या एका वाडीवर गणू नावाचा मुलगा राहत होता. सहावीत होता. नफा-तोट्याचं गणित फळ्यावर पडलं की पहिला हात त्याचाच वर जायचा. त्याची आजी आठवडे बाजारात भाजी विकायची. तिला सही करण्यापुरतीच अक्षरं येत, पण पावकी, निमकी, दिडकी तोंडपाठ. पाव किलोचे १२, तर पावणेदोन किलोचे किती? तराजूचा काटा स्थिर होण्याआधीच तिचे ८४ सांगून झालेले असत.

दिवाळीच्या सुटीत गणूने हट्ट धरला, "आजी, या बाजारी मेथी मी विकणार."

आजीने कमरेची चंची सोडली आणि ४०० रुपये मोजून दिले. "हे मुद्दल. सांजच्याला परत पायजे. टेम्पोचं भाडं अन् जागेची पावती तुझ्याच अंगावर."

गणूने वहीत मांडलं : ४० जुड्या, १० रुपयांना घेतलेल्या, १५ला विकायच्या. नफा २०० रुपये. उत्तराखाली त्याने दोन रेघाही ओढल्या.

सकाळी भवानी चांगली झाली. दुपारपर्यंत २६ जुड्या खपल्या आणि खिशात ३९० रुपये खुळखुळू लागले. आपण श्रीमंत झालो असं वाटून त्याने त्यातलेच २० देऊन भेळ खाल्ली. मग ऊन चढलं. शेजारच्या बाईने आपली मेथी १०वर आणली. गणू मात्र १५वरून हलेना. वहीत १५च लिहिले होते ना! आजी बाजूला बसून सगळं बघत होती, पण बोलली नाही.

दिवस कलला तशा उरलेल्या १४ जुड्यांनी माना टाकल्या. शेवटी पाचाला एक अशा त्या कशाबशा गेल्या. जमा ४६०. त्यातून भेळेचे २०, भाड्याचे ३०, पावतीचे १० आणि आजीचे ४०० वजा केले, तर हाती शून्य.

"पण गणित तर बरोबर होतं!" गणू रडकुंडीला आला.

"बरोबरच व्हतं की," आजी म्हणाली, "पर वहीतली मेथी सुकत न्हाई, बाळा. बाजारातली सुकती."

रात्री गणूची आई सासूला म्हणाली, "आत्याबाई, दुपारीच भाव उतरव म्हणाला असता, तर पोराचे चार पैसे वाचले असते."

"मी सांगितलं असतं, तर भाव उतरला असता," आजी म्हणाली. "त्याच्या डोक्यात हिशेब उतरला नसता."

पुढच्या बाजारी गणूने ३०च जुड्या घेतल्या. वहीत या खेपेला भाडं आणि पावती आधी लिहिली, आणि खाली एक ओळ जास्तीची टाकली : 'उरल्या तर?' २२ जुड्या १५ने गेल्या. ऊन तापायच्या आत त्याने उरलेल्या ८ जुड्यांचा भाव १० केला आणि पाटी रिकामी झाली. जमा ४१०. आजीचे ३०० आणि वरखर्चाचे ४० बाजूला काढले, तरी ७० रुपये उरले. माल कमी, भावही उतरवलेला, तरी पैसा जास्त. भेळ त्याने त्यानंतर खाल्ली.

तात्पर्य : मुलाच्या हाती पैसा दिला तर त्याला आकडे कळतात, त्याला थोडं चुकू दिलं तर व्यवहार कळतो.