रिकाम्या वेळचे काम

आमच्या घरांतून एक वाक्य वारंवार ऐकू येते. एखादी पाहुणी ओढणीची क्रोशाची किनार बोटांत धरून पाहते आणि म्हणते, ‘किती सुरेख केलं आहेस गं!’ त्यावर उत्तर येते, ‘काही नाही आपा, रिकाम्या वेळात केलंय.’ हे उत्तर विनयाचे आहे. आपल्या हुन्नराची आपणच फुशारकी मारू नये, असे वळण मुलींना लहानपणापासून लागलेले असते. त्यामुळे बोलणारीला दोष देण्याचे कारण नाही. पण तेच वाक्य घरातला कर्ता पुरुष म्हणतो, माल उचलणारा दलाल म्हणतो, दुकानात घासाघीस करणारे गिऱ्हाईक म्हणते, तेव्हा त्यातला विनय गळून पडतो आणि मागे एक निवाडा उरतो. या कामाला वेळ लागलेला नाही, म्हणून त्याला किंमतही नाही, असा तो निवाडा. त्याची थोडी शहानिशा करावी, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

ज्या वस्तूंविषयी आम्ही बोलत आहोत त्या लहानसहान आहेत. शिवणातून उरलेल्या कापडाचा बटवा. साध्या बांगडीवर रेशमी दोरा गुंडाळून केलेली, कपड्याच्या रंगाला जुळणारी बांगडी. मण्यांची माळ, कागदाच्या पट्ट्या वळून केलेली कानातली, ओढणीला लावलेली गोटा-किनार, साडीच्या पदराचे गोंडे, क्रोशाने विणलेली टोपी. लग्नाच्या जोड्यातून उरलेल्या तुकड्यावर चार टिकल्या लावून कुरआन शरीफसाठी शिवलेले जुझदानही याच हातांचे. कपाटाच्या एका खणात, बिस्किटांच्या जुन्या डब्यात, सुया, दोऱ्याची रिळे आणि तुटलेल्या माळेचे मणी जपून ठेवलेले नाहीत, असे घर आमच्या मोहल्ल्यात विरळाच.

आता पहिला प्रश्न. हा रिकामा वेळ येतो कोठून? केंद्र सरकारने २०२४ साली देशभर वेळेच्या वापराची पाहणी केली. तिच्यानुसार घरचे बिनपगारी काम करणाऱ्या स्त्रिया त्यासाठी दिवसाला सरासरी २८९ मिनिटे देतात आणि असे काम करणारे पुरुष ८८ मिनिटे. म्हणजे तिकडे पावणेपाच तासांहून अधिक आणि इकडे दीड तासाच्या आत. लहान मुले आणि आजारी माणसे सांभाळण्याचा वेळ यात धरलेला नाही, त्याची मोजणी वेगळी आहे. तेव्हा ज्या वेळेला आपण रिकामा म्हणतो तो बहुधा डाळ शिजेपर्यंतचा असतो, मुले मदरशातून येईपर्यंतचा असतो, किंवा सगळे झोपल्यानंतर दिव्याखाली बसून डोळ्यांना ताण देऊन काढलेला असतो. तो झोपेतून आणि विसाव्यातून कापून घेतलेला वेळ आहे. त्याला रिकामा म्हणणे वस्तुस्थितीला धरून नाही.

दुसरा आक्षेप धार्मिक वळणाचा असतो. ‘हे सगळे नटण्यामुरडण्याचे सामान. त्यावर एवढा विचार कशाला?’ असे काही सज्जन विचारतात. वास्तविक कुरआनाने सूरह आराफमध्ये शोभेची वस्त्रे परिधान करायला सांगितले आहे आणि त्याच ठिकाणी इसराफ, म्हणजे उधळपट्टी, निषिद्ध मानली आहे. नटणे आणि उधळणे या दोन गोष्टी तेथे वेगळ्या केलेल्या आहेत. चिंधीचा बटवा करणारी बाई तर उधळपट्टीच्या अगदी उलट टोकाला उभी असते. जे फेकले जाणार होते त्यातून ती शोभा निर्माण करते. ईदच्या दिवशी ज्या घरात नव्या दागिन्याला पैसे नसतात, त्या घरातली मुलगी दोऱ्याच्या बांगड्या घालून मैत्रिणींत ताठ मानेने जाते. त्या ताठ मानेला चैन म्हणता येत नाही. गरिबाच्या वाट्याला केवळ पोट यावे आणि सौंदर्य येऊ नये, असा नियम कोणत्याही धर्माने केलेला नाही.

वेळ लागतो आणि वस्तू निरुपयोगी नाही, एवढे मान्य केले तरी खरा नैतिक प्रश्न पुढेच आहे. समजा, एका बाईने एकसारखे दोन बटवे केले. पहिला तिने भाचीच्या निकाहात दिला. दुसरा दलालाला नगावर ठरलेल्या दराने दिला. सुई तीच, दोरा तोच, टाके तेवढेच. या दोन्हींचे मोल एकाच मापाने करायचे काय?

आमच्या मते, नाही. मराठीत यासाठी दोन शब्द आहेत, किंमत आणि मोल. गंमत अशी की मोल हा शब्द दोन्हीकडे जातो. ‘अनमोल’ म्हणजे ज्याचा पैशात हिशेब होऊ शकत नाही ते, आणि ‘मोलकरीण’ किंवा ‘मोलमजुरी’ यांतला मोल म्हणजे रोख पैसा. भाषेने जणू दोन्ही प्रकारचे काम एका शब्दात बांधून ठेवले आहे. इमान्युएल कांट या जर्मन तत्त्वज्ञाने १७८५ च्या आपल्या नीतिशास्त्रावरील ग्रंथात याची फोड केली आहे. ज्या गोष्टीच्या जागी तिच्या तोडीची दुसरी गोष्ट ठेवता येते, तिला किंमत असते. जिच्या जागी काहीच ठेवता येत नाही, तिला प्रतिष्ठा असते. माणूस या दुसऱ्या वर्गात येतो. मात्र कामातले कौशल्य आणि मेहनत यांना बाजारात किंमत असते, असेही कांटने तेथेच नमूद केले आहे. आम्हाला हा भाग महत्त्वाचा वाटतो. माणसाला प्रतिष्ठा आहे म्हणून त्याच्या मेहनतीला पैसे द्यायला नकोत, असा अर्थ त्यातून निघत नाही.

भाचीला दिलेला बटवा देणगी आहे. त्याचा दर विचारणे हा देणारीचा अपमान होईल. तेथे कदर करावी, आठवण ठेवावी, वस्तू जपावी. दलालाला दिलेला बटवा हा माल आहे. तेथे कदर पुरत नाही, दाम हवा. अन्याय केव्हा होतो? पहिल्या बटव्याची भाषा दुसऱ्या बटव्याला लावली जाते तेव्हा. ‘तुम्ही तर हौसेने करता’, ‘घरीच तर बसलेल्या असता’, ‘तुमच्या हातात बरकत आहे’ ही वाक्ये ऐकायला गोड आहेत; पण ती दर ठरवताना बोलली जातात. हौस, घर आणि बरकत या तीन चांगल्या शब्दांनी मिळून मजुरी खाली येते.

हे केवळ तर्काने सांगितलेले नाही. आंध्र प्रदेशातील नरसापूर हे गाव क्रोशाच्या लेससाठी प्रसिद्ध आहे. तेथे ही कला एकोणिसाव्या शतकात मिशनरी बायकांबरोबर आली आणि पुढे हजारो घरांत पसरली. जर्मन अभ्यासक मारिया मीस यांनी तेथील लेस विणणाऱ्या बायकांवर लिहिलेले पुस्तक १९८२ साली प्रसिद्ध झाले. या बायका तासन् तास विणत होत्या, त्यांचा माल परदेशी जात होता, व्यापारी आणि निर्यातदार त्यावर श्रीमंत होत होते. पण त्या सगळ्यांच्या लेखी त्या कामगार नव्हत्याच. त्या ‘घरी बसलेल्या गृहिणी’ होत्या आणि लेस हा त्यांचा फावल्या वेळचा उद्योग होता. या एका समजुतीमुळेच त्यांची मजुरी इतकी कमी ठेवता आली, असे मीस यांनी दाखवून दिले.

आणखी जवळचे उदाहरण अहमदाबादचे आहे. तेथील गिरण्यांच्या चिंध्या घरी आणून त्यांच्या खोळी शिवणाऱ्या बायकांत मुस्लिम बायकांची संख्या मोठी होती. इला भट्ट यांनी १९७२ साली ‘सेवा’ ही संघटना स्थापन केली, तेव्हा कामगार संघ म्हणून तिची नोंदणी करायला सरकारी खाते तयार नव्हते. या बायकांना मालकच नाही, मग त्या कोणाविरुद्ध लढणार, अशी हरकत होती. संघटना कोणाविरुद्ध असण्यापेक्षा कामगारांच्या एकजुटीसाठी असते, असा प्रतिवाद करून ती नोंदणी मिळवावी लागली. अशा कामगारांना इतर मजुरांच्या बरोबरीची वागणूक मिळावी, असा करार क्रमांक १७७ आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने १९९६ साली संमत केला. त्याला मान्यता देणारे देश मोजकेच आहेत. भारताने ती दिलेली नाही.

सरकारकडे बोट दाखवणे सोपे आहे. आपल्या मोहल्ल्यातही पाहायला हवे. टिकल्या लावण्याचे, खडे चिकटवण्याचे, गोंडे करण्याचे काम गल्लीतल्याच एखाद्या ओळखीच्या माणसाकडून येते. नगावर किंवा डझनावर दर ठरतो. सुई बाईची, वीज बाईची, जागा बाईची. माल नापसंत ठरला तर तोटा बाईचा. शाळेतून आलेली मुलगी दप्तर ठेवून आईशेजारी मणी ओवायला बसते, तिचे हात तर हिशेबात कोठेच येत नाहीत. एवढे असूनही घरातला पुरुष चारचौघांत अभिमानाने सांगतो, ‘आमच्याकडच्या बायका कामाला जात नाहीत.’ जात नाहीत हे खरे आहे. काम मात्र त्यांच्याकडे येते आणि मुलांची फी, सासूचे औषध त्यातूनच भागते. घराण्याच्या इज्जतीसाठी ते काम लपवले जाते आणि लपवलेल्या कामाचा दर कोणी मागू शकत नाही. इज्जत आणि दलालाचा नफा यांची अशी नकळत भागीदारी जमते. आमच्या समाजाने विचार करावा अशी गोष्ट ही आहे.

इज्जतीचा दाखला द्यायचा तर तो आपल्या परंपरेतच शोधावा. पैगंबर साहेब (स.) घरी असत तेव्हा आपले कपडे स्वतः शिवत, आपली पादत्राणे स्वतः दुरुस्त करत, असे हजरत आयेशा (रजि.) यांनी सांगितले आहे. सुई हे बायकांचेच हत्यार आहे, ही समजूत तेथे दिसत नाही. दुसरा दाखला उम्मुल मोमिनीन हजरत जैनब बिन्त जहश (रजि.) यांचा. तुमच्यापैकी जिचा हात सर्वांत लांब आहे ती मला सर्वांत आधी येऊन भेटेल, असे पैगंबर साहेबांनी आपल्या पत्नींना सांगितले होते. त्यांनी खरोखरच हात मोजून पाहिले. पुढे हिजरी २० मध्ये हजरत जैनब यांचा इंतकाल सर्वांत आधी झाला आणि मग उलगडा झाला की लांब हात म्हणजे देणारा हात. त्या कातडे कमावत, शिवणकाम करत आणि त्यातून जे मिळे ते दानधर्मात देत. त्यांनी कष्ट केले, त्याचे दाम घेतले आणि मग ते दाम दिले. दान करण्यासाठीही आधी कमाई स्वतःची असावी लागते. जिच्या हातात मजुरीच पडत नाही, तिचा हात लांब कसा होणार?

मजुराचा घाम सुकण्याआधी त्याची मजुरी द्यावी, ही शिकवण आपल्या प्रत्येक वाझमध्ये येते. सुईच्या कामात घाम दिसत नाही. मान आखडते, बोटांना टोके पडतात, नजर मंदावते. हा घाम नाही म्हणून ती शिकवण इथे लागू नाही, असे कोणी मौलवी म्हणणार नाहीत.

यावर एक रास्त शंका घेतली जाते. प्रत्येक टाक्याचा हिशेब मांडायला लागलो तर घराचे दुकान होईल, माया आटेल. ही भीती आम्ही हसण्यावारी नेत नाही. आईने विणलेल्या टोपीचे बिल मागणाऱ्या जगात कोणालाच राहायचे नाही. पण माया हिशेबाने आटते की गृहीत धरण्याने, याचा विचार व्हावा. जे प्रेमाने दिले जाते ते देणारीने ठरवून दिलेले असते. ‘नाही’ म्हणण्याची मोकळीक जेथे नसते, तेथे देणगीही नसते, वेठ असते. म्हणून घराला दुकान करू नये हे खरे आणि दुकानाने घराचा आडोसा घेऊ नये हेही तितकेच खरे. या दोन्ही गोष्टी एकत्र सांभाळणे कठीण असेल, अशक्य नाही.

त्यासाठी मोठ्या चळवळीची वाट पाहायला नको. विकत घेताना ‘हे करायला किती वेळ लागला?’ असे एकदा विचारावे आणि मग भाव करावा की नाही ते ठरवावे. गल्लीतल्या दहा बायकांनी दलालाला एकच दर सांगावा, एकेकटीने सांगू नये. मिळालेली मजुरी जिची तिच्या नावे, जिची तिच्या खात्यात जमा व्हावी. शिवणाच्या डब्यातली सुई मुलाच्याही हातात द्यावी; निदान तुटलेले बटण तो स्वतः लावील आणि एका टाक्याला किती वेळ लागतो ते त्याला कळेल. आणि पाहुणीने किनारीचे कौतुक केले, तर विनय सोडण्याचे कारण नाही. ‘दोन महिने रोज रात्री बसून केलंय, आपा,’ एवढे सांगितले तरी विनय राहतो आणि खरेही बोलले जाते.