बंद समुद्र आणि रज्जाकचे वचन



पावसाळा सुरू झाला की पनवेलच्या गाढी नदीला पाणी चढते आणि त्याच सुमारास उरण, करंजाच्या बंदरांत होड्या किनाऱ्याला लागतात. १ जून ते ३१ जुलै असे ६१ दिवस आपल्या किनाऱ्यावर यांत्रिक नौकांना मासेमारीची बंदी असते. समुद्र खवळलेला असतो आणि माशांच्या प्रजननाचाही तोच काळ असतो.

एका जुलैत मगरिबच्या नमाजनंतर एक खलाशी माझ्याजवळ थांबला. म्हणाला, “मौलाना, अल्लाह रज्जाक आहे ना? मग हे दोन महिने माझ्या घराचा मेळ का बसत नाही?” स्वरात तक्रार नव्हती, प्रश्न मात्र खरा होता. मी त्याला सूरह इन्शिराहचा दिलासा दिला, सब्र करण्यास सांगितले. “बरोबर आहे, मौलाना,” म्हणून तो पावसात निघून गेला. रात्री ताटावर बसलो तेव्हा ध्यानात आले, त्याच्या घरी चूल पेटली आहे का, हे मी विचारलेच नव्हते.

पृथ्वीवरील प्रत्येक जीवाच्या उपजीविकेची जबाबदारी अल्लाहने स्वतःवर घेतली आहे, असे पवित्र कुरआन सांगते (सूरह हूद : ६). प्रेषित मुहम्मद (स.) यांनी खऱ्या भरवशासाठी पक्ष्याचा दाखला दिला, तो सकाळी उपाशी निघतो आणि सायंकाळी पोट भरून परततो. परंतु ज्याची होडीच बांधून ठेवलेली आहे, त्याने कोठे उडावे? आपण म्हणू, याच बंदीत पुढच्या हंगामाची मासळी वाढत असते. हे खरे आहे आणि त्यात अल्लाहची हिकमतही आहे. तथापि ते ऑगस्टचे उत्तर झाले. लेकरू तर आज जेवायला मागते.

या प्रश्नाचे उत्तर मला सूरह यूसुफमध्ये सापडले. सात वर्षे दुष्काळ पडणार, हे प्रेषित यूसुफ (अ.) यांना ज्ञात होते. त्यांनी सुकाळातच धान्य कणसांसह साठवण्याचा सल्ला दिला आणि पुढे कोठारांची जबाबदारी स्वतः मागून घेतली. दुष्काळात आकाशातून धान्य उतरले नाही. अल्लाहचे वचन एका प्रामाणिक माणसाच्या हातून, मापाने मोजून पूर्ण झाले. ज्या भावांनी त्यांना विहिरीत टाकले होते, तेही त्याच कोठारातून पोती भरून घेऊन गेले.

आपल्या कोकणाला ही शिकवण परकी नाही. पावसापूर्वी आपण आगोटीची बेगमी करतो. तांदूळ, सुके बोंबील, जवळा, सरपण घरात येते. प्रश्न इतकाच की त्या बेगमीत शेजाऱ्याचा वाटा आपण मोजतो काय? शेजारी उपाशी असताना जो पोटभर जेवतो, त्याच्या ईमानाविषयी प्रेषितांनी (स.) दिलेला इशारा आपण सर्वांनी ऐकलेला आहे.

सूरह इन्शिराहमध्ये अडचणी*सोबत* सुलभता आहे, असे दोनदा सांगितले आहे. अडचणी*नंतर* असे म्हटलेले नाही. म्हणजे खलाशाच्या अडचणीची सुलभता त्याच आठवड्यात, त्याच मोहल्ल्यात कोठेतरी असणार. कदाचित ती माझ्या ताटात होती. दुसऱ्या दिवशी जमातीतील दोघांनी त्याची वाण्याकडील उधारी नाव न सांगता फेडली. मी त्याला पुन्हा सब्र सांगितला नाही. तो त्याच्याजवळ माझ्यापेक्षा अधिक होता.

वाचकहो, आज आपला हंगाम बंद असेल तर निराश होऊ नका. मदत मागण्यात ईमान उणे होत नाही, कारण आपला वाटा कोणाच्या तरी हाती अमानत म्हणून ठेवलेला असू शकतो. आणि आपले कोठार भरलेले असेल, तर त्यातील कोणते माप दुसऱ्याचे आहे, हे आजच शोधा. उपाशी माणसाला आशा सांगण्यापूर्वी त्याची चूल पाहून या.

अल्लाह आपल्याला अमानत ओळखण्याची व ती पोहोचवण्याची तौफीक देवो. आमीन.