तारा दोनदा पाहावा लागतो



आज प्रभूच्या प्रकटनाचा सण. गोठ्यातले तीन राजांचे पुतळे आज येशूबाळाजवळ सरकवले जातात आणि धर्मशिक्षणाच्या वर्गातली मुले दरवर्षीचा प्रश्न विचारतात : तो तारा नेमका कोणता होता? धूमकेतू होता की ग्रहांची युती, याविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. संत मत्तय मात्र ताऱ्याविषयी फारसे सांगत नाही. ताऱ्याकडे पाहणाऱ्यांविषयी सांगतो. त्या ज्ञानी लोकांनी तारा आपल्या देशात पाहिला. ते निघाले, यरुशलेममध्ये त्यांनी चौकशी केली आणि तिथून बाहेर पडल्यावर तो त्यांना पुन्हा दिसला. हेरोदाच्या दरबारातल्या शास्त्र्यांना बेथलेहेमचे नाव तोंडपाठ होते, पण ते जागचे हलले नाहीत.

एकच तारा दोन ठिकाणांहून पाहणे, ही गोष्ट आज खगोलशास्त्राच्या मुळाशी आहे. हात लांब करून अंगठा डोळ्यांसमोर धरा. एकदा डावा डोळा मिटा, एकदा उजवा. (मिस्सा चालू असताना नको, घरी गेल्यावर करा.) मागच्या भिंतीच्या तुलनेत अंगठा सरकल्यासारखा दिसतो. अंगठा जवळ आणा, अधिक सरकेल; लांब न्या, कमी सरकेल. ताऱ्याचे अंतर असेच मोजतात. पृथ्वी सूर्याभोवती फिरते, तेव्हा सहा महिन्यांत ती सुमारे तीस कोटी किलोमीटर पलीकडे गेलेली असते. जानेवारीत पाहिलेला तारा जुलैत पुन्हा पाहिला, तर तो किंचित सरकलेला दिसतो. शास्त्रज्ञ याला पराशय म्हणतात. एका नजरेत अंतर कळत नाही. मोठा तेजस्वी तारा फार दूर असू शकतो आणि डोळ्यांना न दिसणारा अगदी शेजारी. सूर्यानंतर आपल्याला सर्वांत जवळचा तारा साध्या डोळ्यांना दिसतच नाही!

हे सरकणे किती सूक्ष्म असते? एका अंशाचे ३६०० भाग केले, तर जवळच्या ताऱ्याचा पराशयसुद्धा त्यातल्या एका भागाहून कमी भरतो. म्हणूनच तो शतकानुशतके कोणाला सापडला नाही आणि याचा फटका गॅलिलिओलाही बसला. पृथ्वी फिरत असेल तर तारे सरकलेले का दिसत नाहीत, हा त्याच्या काळातल्या विद्वानांचा प्रश्न काही मूर्खपणाचा नव्हता. पण उत्तर मिळालेले नसताना निकाल मात्र दिला गेला. १६३३ साली रोममध्ये गॅलिलिओला दोषी ठरवण्यात आले. त्याचा ग्रंथ निषिद्ध पुस्तकांच्या यादीतून १८३५ साली वगळला गेला आणि १८३८ मध्ये बेसेल या जर्मन शास्त्रज्ञाने हंस तारकासमूहातल्या एका अंधुक ताऱ्याचा पराशय मोजून जाहीर केला. १९९२ साली पोप जॉन पॉल दुसरे यांनी या प्रकरणातली चूक उघडपणे मान्य केली. ख्रिस्तसभेच्या इतिहासातले हे पान झाकून ठेवण्यात अर्थ नाही.

माणसांच्या बाबतीत आपण काय करतो? अमक्याचा मुलगा दारू पितो, तमकीची सून घर सोडून गेली, तो भाऊ जमिनीसाठी कोर्टात गेला, ते कुटुंब आईच्या दफनविधीनंतर चर्चमध्ये फिरकलेले नाही. एकदा पाहिले आणि अंतर ठरले. पुढे वीस वर्षे त्या घराकडे आपण त्याच अंगणातून, त्याच कोनातून पाहतो. सून का गेली, हे तिच्या माहेरच्या ओट्यावरून कसे दिसते? कोर्टात गेलेल्या भावाला वाटणीच्या वेळी कोणी विचारले होते का? आम्ही धर्मगुरूही घरभेटीला जातो तेव्हा बहुधा एकाच बाजूचे ऐकून परततो, कारण दुसरी बाजू चहाला बोलावत नाही.

वातावरणातून पाहताना ताऱ्याची प्रतिमा थरथरते. म्हणून मोजमापासाठी याने अवकाशात पाठवावी लागली. युरोपीय अवकाश संस्थेचे हिप्पार्कस यान १९८९ साली गेले. १९९७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्याच्या यादीत एक लाखाहून अधिक तारे होते. त्या यादीत एक पेच निघाला. कृत्तिकांचा पुंजका आपल्या सर्वांच्या ओळखीचा; या दिवसांत रात्री नऊ-साडेनऊला तो जवळजवळ डोक्यावर असतो. ईयोबाच्या पुस्तकातही त्याचा उल्लेख आहे. हिप्पार्कसच्या मापाने कृत्तिका सुमारे ३९० प्रकाशवर्षे दूर होत्या. इतर मार्गांनी हिशेब करणाऱ्यांना ४४० च्या आसपास आकडा मिळत होता. एवढ्या काटेकोर यानाचे खरे मानायचे की इतरांचे? वाद वर्षानुवर्षे चालला. त्याच संस्थेचे पुढचे यान गाया १९ डिसेंबर २०१३ रोजी निघाले. पृथ्वीपासून पंधरा लाख किलोमीटर अंतरावरून, सावकाश स्वतःभोवती फिरत, त्याने दशकभर सुमारे दोनशे कोटी तारे पुन्हा पुन्हा पाहिले. कृत्तिकांचे अंतर ४४० प्रकाशवर्षांच्या आसपासच निघाले. हिप्पार्कसला कोणी खोटारडे म्हटले नाही. त्याची यादी टाकूनही दिली नाही. गायाने आपल्या पहिल्या हिशेबात तिचाच आधार घेतला होता.

गायाविषयीची आणखी एक गोष्ट आम्हांला फार मोलाची वाटते. क्वेसार नावाच्या ज्योती इतक्या दूर आहेत की त्यांचा पराशय जवळजवळ शून्यच यायला हवा. गायाच्या मोजमापात तो शून्याच्याही किंचित खाली आला, आणि तसे तर होऊच शकत नाही. याचा अर्थ दोष क्वेसारमध्ये नव्हता, मोजणाऱ्यात होता. २०१८ साली माहितीचा दुसरा संच जगासाठी खुला झाला, तेव्हा शास्त्रज्ञांनी हा दोषही त्याच्याबरोबर जाहीर केला : आमच्या आकड्यांत एवढी खोट आहे, ती धरून हिशेब करा. प्रायश्चित्त संस्काराला येण्याआधी आपण जे आत्मपरीक्षण करतो, ते याहून निराळे नाही. शेजारी वाकडा दिसला, तर आपली नजर किती कलली आहे हे आधी पाहायचे.

गायाचे निरीक्षण १५ जानेवारी २०२५ रोजी थांबले आणि २७ मार्चला यान कायमचे बंद करण्यात आले. त्याने जमवलेल्या माहितीचा पूर्ण हिशेब व्हायला अजून काही वर्षे लागणार आहेत.

दुसऱ्यांदा पाहण्यासाठी पहिल्यांदा कोणीतरी नीट पाहून लिहून ठेवलेले असावे लागते. तारे स्वतःही प्रवास करतात आणि तो प्रवास ओळखायला जुनी नोंद जितकी मागची, तितकी बरी. १८८७ साली पॅरिसमध्ये ठरले की, जगातल्या वेधशाळांनी आकाश वाटून घेऊन त्याची छायाचित्रे काढायची आणि ताऱ्यांची यादी करायची. व्हॅटिकन वेधशाळेच्या वाट्याला उत्तर आकाशाचा एक पट्टा आला. (आज या वेधशाळेचे संचालक गोवा प्रांताचे येशूसंघीय फादर रिचर्ड डिसोझा आहेत, त्यांनी पदवीचे शिक्षण मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयात घेतले.) छायाचित्रांच्या काचा तयार झाल्या, पण मोजायच्या कोणी? मारिया बाम्बिना संघाच्या चार सिस्टर्सना बोलावण्यात आले. १९१० ते १९२१ अशी अकरा वर्षे त्या सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून बसल्या. एकीने ताऱ्याचे स्थान वाचायचे, दुसरीने वहीत लिहायचे. अशा ४,८१,२१५ ताऱ्यांच्या नोंदी झाल्या.

पुढे २००० साली हिप्पार्कसच्या निरीक्षणांतून पंचवीस लाख ताऱ्यांची नवी यादी तयार झाली. त्या ताऱ्यांची गती ठरवताना शास्त्रज्ञांनी यानाच्या आकड्यांची तुलना जगभरातल्या वेधशाळांच्या याच जुन्या नोंदींशी केली. सिस्टर्सनी पाहिले तो एक डोळा, यानाने पाहिले तो दुसरा. मध्ये अंतर किलोमीटरचे नव्हे, ऐंशी-नव्वद वर्षांचे.

त्या कामाचे एक छायाचित्र उपलब्ध आहे, पण त्यातल्या सिस्टर्स कोण हे जगाला कितीतरी वर्षे माहीत नव्हते. एका वृद्ध येशूसंघीय धर्मगुरूंना जुनी कागदपत्रे चाळताना त्यांची नावे सापडली आणि २०१६ साली ती लोकांसमोर आली. सिस्टर एमिलिया पोन्झोनी, सिस्टर रेजिना कोलोंबो, सिस्टर कोंचेत्ता फिनार्दी, सिस्टर लुइजा पानचेरी. आजच्या मिस्सामध्ये मृतांसाठी प्रार्थना करताना या चौघींचे स्मरण करू या.