आजचं चिंतन : उंदीर, गाडी आणि अहिंसा



सध्या ज्ञानेश्वरीचा तेरावा अध्याय चालू आहे. ज्ञानाची लक्षणं सांगताना माऊली अहिंसेपाशी बराच वेळ रेंगाळतात. ते वाचताना माझ्या डोळ्यांसमोर सारखी येत होती खडकवासल्याच्या शेडमधली आमची कॅम्पर व्हॅन. हसू नका, संबंध आहे.

ही गाडी मी आणि एका मित्राने मिळून केली. आत दोन गाद्या, छोटा ओटा, बेसिन. जून ते दसरा ती फिरवत नाही, गावाबाहेर एका काकांच्या शेडमध्ये उभी असते. शेडमागे भातखाचरं आहेत. पाऊस लागला, बिळात पाणी शिरलं, की उंदीर कोरडी जागा शोधत निघतात. गादीचा स्पंज म्हणजे त्यांना आयतं घरटं. शिवाय उंदराचे पुढचे दात आयुष्यभर वाढतात, त्यामुळे कुरतडण्यावाचून त्याला गत्यंतर नाही. त्यात वायरचं आवरण गेलं की शॉर्ट सर्किट, कधी आगसुद्धा.

मित्र म्हणतो, "विष ठेव, विषय संपव." घरचे म्हणतात, "बाप्पाचं वाहन आहे, मारायचं नाही." मग बरोबर कोण?

आधी विष बघू. बाजारातली बरीचशी उंदराची औषधं रक्त गोठू देत नाहीत. उंदीर लगेच मरत नाही. काही दिवस आतल्या आत रक्तस्राव होऊन मरतो. त्या दिवसांत तो सुस्त होतो आणि घुबडाच्या तावडीत सापडतो, मग ते विष घुबडाच्याही पोटात जातं. चिकट पॅडचं तर विचारूच नका. उंदीर तिथे अडकून तासन् तास तडफडतो. भारतीय पशू कल्याण मंडळानेही या पॅडविरुद्ध सूचना काढल्या आहेत. आणि आपण? मूर्तीच्या पायाशी मूषकाच्या हातात मोदक, आणि त्याच आठवड्यात कपाटाखाली चिकट पॅड!

बरं, मग राहू दे म्हणायचं का? तेही जमत नाही. उंदराच्या लघवीतून लेप्टो पसरू शकतो, आणि त्या गाद्यांवर आमची मुलं झोपतात. उंदरांवरच्या पिसवांमुळे पसरणाऱ्या प्लेगने १८९७ साली आपल्याच पुण्यात काय हाहाकार केला, हे शाळेत शिकलोय. डोळे मिटून "जगू दे" म्हणणं ही अहिंसा नाही. त्याची किंमत दुसरंच कोणीतरी मोजतं.

मला वाटतं, दोघांचाही वाद उशिरा सुरू होतो. उंदीर आत शिरल्यावर! मादी तीन आठवड्यांत पाच-सहा पिल्लं घालते. त्यानंतर तिला पिंजऱ्यात धरून लांब सोडलं तरी मागे पिल्लं उपाशी मरतात. तेव्हा कुठलाही निर्णय घ्या, कोणीतरी मरतंच.

माऊलींचा अहिंसक माणूस चिरडलेल्या जिवापाशी हळहळत बसत नाही. तो पाऊल टाकण्याआधीच जपतो. तिथे एक सुंदर उपमा येते : मांजर पिल्लाला तोंडात धरते तेव्हा तिचे दात जसे हलके लागतात, तसा त्याचा स्पर्श. विचार करा, उंदीर मारणारे दातही तेच आहेत! ताकद तीच, फक्त काळजी आधी घेतलेली.

म्हणून आमची अहिंसा जूनमध्ये सुरू होते. लहान उंदराला साधारण ६ मिलिमीटरची फट पुरते, म्हणजे पेन्सिल जाईल एवढी. टॉर्च घेऊन गाडीखाली झोपायचं. वायर आणि गॅसची नळी जिथून आत जाते ती भोकं तारेच्या घासणीने ठासून वरून सीलंट लावायचं. व्हेंटला बारीक लोखंडी जाळी. बेसिनच्या नळीला झाकण. गाद्या, टिश्यू, भडंगाचा शेवटचा दाणा, सगळं घरी. शेडभोवतीचं गवत कापायचं आणि दर रविवारी चक्कर. लोक डांबरगोळ्या, तंबाखूची पानंही ठेवतात, पण वास उडून जातो, जाळी टिकते. शेडवाले काका म्हणतात तेच खरं : "आरं, आत शिरल्यावर धरम काय सांगतोस? आधी भोक बुजव."

कोणी विचारेल, म्हणजे उंदीर शेजाऱ्याकडे ढकलला ना? अंशतः हो. म्हणून काकांच्या धान्यालाही आम्ही पत्र्याची झाकणाची कोठी आणून दिली. बाकी उंदीर शेतात राहील. तिथे धामण आहे, घुबड आहे. त्याचं जगणं-मरणं तिथल्या क्रमाने होईल, माझ्या आळसाने नाही.

आणि इतकं करूनही एखादा शिरलाच तर? पिंजरा लावायचा आणि रोज सकाळी बघायचा. दोन दिवस विसरलेला पिंजरा म्हणजे छळच. मारावंच लागलं तर क्षणात संपेल असा सापळा वापरायचा, आणि त्याला पुण्याचं नाव द्यायचं नाही. काहीतरी वाईट करावं लागलं, एवढं मनाशी मान्य करायचं.

आपल्या क्षेत्रातही हेच ना? प्रॉडक्शनमध्ये बग फुटल्यावर रात्री दोनला कोणावर ओरडायचं, हा प्रश्न टेस्टिंगच्या वेळीच सुटलेला असतो. रागाचं, कठोर बोलण्याचंही तसंच. आपण दया शेवटच्या क्षणी शोधतो, तेव्हा ती सापडत नाही.

आजचा अभ्यास : आज रात्री झोपण्याआधी असं एक भोक शोधा, जे आत्ता बुजवलं तर उद्या कोणाला दुखवावं लागणार नाही. सापडलं तर खाली नक्की लिहा.

राम कृष्ण हरी 🙏